मुरूम आणि आपली घाई : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या सदरासाठी फाल्गुनात आलेल्या पत्रांचा विषय बहुतांशी एकच होता, तो म्हणजे चेहऱ्यावरील मुरूम. परीक्षा, लग्नसराई आणि रंगपंचमी एकाच सुमारास येत असल्याने त्यात नवल नाही. म्हणून इतर प्रश्न पुढच्या अंकासाठी राखून ठेवले आहेत. मी त्वचारोग विभागात दीर्घकाळ काम केलेली परिचारिका आहे; निदान करण्याचा आणि औषध ठरवण्याचा अधिकार डॉक्टरांचा, हे गृहीत धरूनच पुढील मजकूर वाचावा. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझ्या 15 वर्षांच्या मुलीच्या कपाळावर आणि नाकावर काळे-पांढरे बारीक दाणे आहेत, मधूनमधून लाल मुरूमही येतात. ती दिवसातून पाच-सहा वेळा साबणाने तोंड धुते. सासूबाईंच्या मते अंगातील उष्णता वाढली आहे, म्हणून त्या तिला सब्जा आणि गुलकंद देतात आणि रोज रात्री डोक्याला खोबरेल लावतात. सकाळचे पोहे-जिलेबी बंद करावे का?
— एक आई, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : त्वचेवरील केसाच्या मुळाशी एक तैलग्रंथी असते. वयात येताना अँड्रोजेन गटातील संप्रेरके वाढतात (ती मुलींच्या शरीरातही असतात) आणि या ग्रंथी जास्त तेल तयार करू लागतात. त्याच काळात छिद्राच्या अस्तरातील मृत पेशी सुटून बाहेर पडण्याऐवजी एकमेकींना चिकटतात, छिद्राचे तोंड बुजते, आत तेल साठते आणि निरोगी त्वचेवरही वस्तीला असणारे क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस हे जिवाणू तेथे वाढून दाह सुरू होतो. पांढरा दाणा म्हणजे तोंड मिटलेले छिद्र आणि काळा म्हणजे तोंड उघडे राहिलेले. त्याचा काळेपणा त्वचेतील रंगद्रव्यामुळे आणि हवेशी आलेल्या संपर्कामुळे येतो. तो मळ नसल्यामुळे कितीही घासले तरी धुतला जात नाही.

म्हणूनच पाच-सहा वेळा साबण लावल्याने मुलीचा फायदा होत नाही. सकाळी, रात्री आणि खूप घाम आल्यावर सौम्य फेसवॉशने, बोटांच्या टोकांनी हलकेच तोंड धुवावे आणि स्वच्छ पंचाने टिपून घ्यावे. त्वचा वारंवार कोरडी पाडली की तिचे संरक्षक आवरण बिघडते आणि पुढे डॉक्टरांनी दिलेले मलम ती सहन करू शकत नाही. ही अडचण मी बाह्यरुग्ण विभागात सतत पाहिली आहे.

सासूबाईंचा मान राखून दोन गोष्टी सांगाव्यात. रात्रभर राहिलेले तेल उशीवर आणि तेथून कपाळावर उतरते, आणि खोबरेल हे छिद्रे बुजवणाऱ्या तेलांपैकी आहे. तेल लावायचेच असेल तर न्हाण्यापूर्वी तासभर लावावे, कपाळावर बट येऊ देऊ नये आणि उशीचा अभ्रा दर दोन-तीन दिवसांनी बदलावा. सब्ज्याने अपाय नाही; गुलकंदात मात्र साखर भरपूर असते, आणि आहाराबाबत आज जो थोडाफार भरवशाचा पुरावा आहे तो साखर, मैदा अशा रक्तातील साखर झपाट्याने वाढवणाऱ्या पदार्थांविरुद्धच आहे. काही जणांमध्ये दुधाशी, विशेषतः साय काढलेल्या दुधाशी, मुरुमांचा संबंध दिसून आला आहे, पण तेवढ्यावरून वाढत्या वयाच्या मुलीचे दूध सरसकट तोडू नये. खाल्लेले तेल त्वचेतून बाहेर येत नाही, त्यामुळे सराफा बाजारातील तळलेल्या गराडूवर (एक कंद) मुरुमांचा आळ घेता येत नाही. पोहे राहू द्यावेत. जिलेबी रोज न आणता रविवारपुरती ठेवावी. इंदूरच्या माणसाला याहून अधिक सांगण्याचे धाडस मी करणार नाही.

लाल मुरूम वाढत असतील, दुखरी गाठ येत असेल किंवा खड्डा पडू लागला असेल तर मात्र वय सरेल तसे जाईल या आशेवर थांबू नये, कारण व्रण एकदा पडले की पूर्ण जात नाहीत.

प्रश्न : मी स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी खोली घेऊन राहतो. मित्राने सुचवलेली क्रीम औषधांच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणली. आठवड्यात चेहरा स्वच्छ आणि उजळ झाला, म्हणून चार महिने लावत राहिलो. आता एक दिवस जरी लावली नाही तरी चेहरा लाल होतो, जळजळतो आणि सारख्या आकाराचे पुष्कळ पुरळ उठतात. काय करू?
— एक विद्यार्थी, भंवरकुआँ, इंदूर

उत्तर : ट्यूबवरील बारीक अक्षरांतील घटक वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन यांपैकी एखादे नाव तेथे असण्याची शक्यता फार मोठी आहे. ही सर्व स्टिरॉइड आहेत. काही क्रीममध्ये त्यांच्या जोडीला प्रतिजैविक आणि बुरशीनाशक असते, तर ‘गोरे करणाऱ्या’ क्रीममध्ये हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन. स्टिरॉइड रक्तवाहिन्या आकसवते आणि दाह दाबते, म्हणून पहिल्या आठवड्यात चेहरा सुधारल्यासारखा वाटतो. मुरुमांचे मूळ कारण तसेच राहते आणि दरम्यान त्वचा पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, लव वाढते, स्टिरॉइडमुळेच येणारे एकसारखे पुरळ उठतात आणि क्रीम थांबवताच आग होते. त्या आगीला घाबरून माणूस पुन्हा क्रीम लावतो आणि गुंतत जातो. भारतीय त्वचारोगतज्ज्ञ या अवस्थेबद्दल बऱ्याच वर्षांपासून इशारा देत आले आहेत, आणि 2018 मध्ये सरकारने अनेक स्टिरॉइड मलमे ‘शेड्यूल एच’मध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांत, घातली. तरीही ती काउंटरवरून सहज मिळतात, हे तुमच्या पत्रावरून पुन्हा दिसले.

ती ट्यूब खिशात घालून त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. खाजगी फी परवडत नसेल तर महाराजा यशवंतराव रुग्णालयाचा, म्हणजे आपल्या एम.वाय.चा, बाह्यरुग्ण विभाग आहे. स्टिरॉइड एकदम थांबवायचे की उतरत्या मात्रेने, हे त्याच्या तीव्रतेवर आणि वापराच्या काळावर अवलंबून असल्याने तो निर्णय त्यांच्याकडे सोडा. तोपर्यंत चेहऱ्यावर सौम्य क्लीन्सर, बिनवासाचे साधे मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन यांखेरीज काहीही लावू नका. जळजळ वाढल्यास स्वच्छ गार पाण्यात भिजवून पिळलेल्या मऊ कापडाची घडी दहा मिनिटे ठेवा. त्वचा पूर्ववत व्हायला काही आठवडे, कधी काही महिनेही लागतात, आणि त्यातील पहिला काळ सर्वांत वाईट असतो. हे आधीच माहीत असले तर माणूस पुन्हा त्या ट्यूबकडे वळत नाही.

प्रश्न : वैशाखात माझे लग्न आहे. डॉक्टरांनी रात्री अ‍ॅडॅपलीन जेल आणि सकाळी बेन्झॉइल पेरॉक्साइड दिले. तीन आठवडे झाले, पण कातडी सोलते आहे आणि मुरूम उलट वाढले आहेत. टॉवेलवरही फिके डाग पडले आहेत. औषध बंद करून पार्लरमध्ये फेशियल करून घेऊ का?
— एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : औषध बंद करू नका आणि फेशियल तर मुळीच करू नका. आज गालावर दिसणारा मुरूम सुमारे आठ आठवड्यांपूर्वी डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म दाण्याच्या रूपात सुरू झालेला असतो. अ‍ॅडॅपलीन मुख्यतः त्या न दिसणाऱ्या दाण्यांवर काम करते आणि जे आधीच वाटेत आहेत ते बाहेर येतातच, किंबहुना पहिल्या काही आठवड्यांत थोडे लवकर येतात. म्हणून या औषधाचा निकाल आठ ते बारा आठवड्यांनी पाहायचा असतो. तिसऱ्या आठवड्यात ते बदलणारे रुग्ण वर्षभर नवनवी मलमे लावत राहतात आणि एकाही मलमाला पुरता वेळ देत नाहीत. माझ्या मते मुरुमांच्या उपचारातले सर्वांत मोठे अपयश औषधाचे नसून या घाईचे आहे.

कातडी सोलण्याचे कारण बहुधा लावण्याच्या पद्धतीत सापडेल. तोंड धुतल्यावर पंधरा-वीस मिनिटे थांबून, त्वचा पूर्ण कोरडी झाल्यावर, वाटाण्याएवढेच जेल संपूर्ण चेहऱ्यावर पातळ पसरायचे असते. ते एकेका मुरुमावर थापायचे नसते, आणि डोळ्यांचे, नाकाचे व ओठांचे कोपरे सोडायचे असतात. डॉक्टरांना विचारून काही दिवस एक रात्र आड लावा आणि आधी मॉइश्चरायझरचा थर द्या. दिवसा किमान एसपीएफ 30 चे सनस्क्रीन हवे, कारण आपल्याकडचे चैत्र-वैशाखातले ऊन अशा त्वचेला सोसत नाही. बेन्झॉइल पेरॉक्साइड कापडाचा रंग उडवते, त्यामुळे टॉवेल आणि अभ्रा पांढराच वापरावा, आणि शालूला हात लावण्यापूर्वी हात धुवावेत. तुमच्याकडील औषध 5 किंवा 10 टक्क्यांचे असेल तर 2.5 टक्क्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. त्याचा गुण जवळपास तेवढाच येतो आणि त्रास कमी होतो.

अ‍ॅडॅपलीन चालू असताना चेहऱ्याचे वॅक्सिंग केल्यास कातडी निघून येऊ शकते. हळदीच्या दिवशी पातळ हात फिरवून लवकर धुऊन टाकावी आणि उटण्याने घासू नये, हे करवल्यांना आधीच सांगून ठेवावे. ऐन वेळी एखादी मोठी दुखरी गाठ आलीच तर ती फोडू नका. त्वचारोगतज्ज्ञ तिच्यात सौम्य केलेल्या स्टिरॉइडचे छोटे इंजेक्शन देतात आणि बहुधा दोन-तीन दिवसांत ती बसते. एवढ्या मर्यादित आणि जाणत्या हातांनी वापरलेले स्टिरॉइड आणि वरच्या पत्रातील क्रीम यांत गल्लत करू नये. लग्नानंतर लगेच मूल हवे असेल तर अ‍ॅडॅपलीन आधीच थांबवावे लागते, म्हणून तो विचार डॉक्टरांना आत्ताच सांगावा.

प्रश्न : माझे वय 30 आहे. हनुवटी आणि जबड्याच्या कडेने खोलवर दुखणारे मुरूम येतात, पाळी दोन-दोन महिने येत नाही, हनुवटीवर राठ केसही आहेत. वहिनींकडे आयसोट्रेटिनॉइनच्या कॅप्सूल उरल्या आहेत, त्यांना खूप गुण आला होता. आम्ही अपत्याचा विचार करीत आहोत. त्या घेऊ का?
— एक वाचक, वैशाली नगर, इंदूर

उत्तर : नाही. एकही घेऊ नका. गर्भारपणात हे औषध पोटात गेल्यास बाळाच्या मेंदूत, हृदयात, कानांत आणि चेहऱ्यात गंभीर व्यंगे निर्माण होऊ शकतात, आणि त्यासाठी कोणतीही मात्रा सुरक्षित मानलेली नाही. ते सुरू करण्यापूर्वी एक महिना, चालू असताना आणि बंद केल्यावर एक महिना गर्भधारणा टाळावीच लागते. याच काळात, म्हणजे चालू असताना आणि नंतरचा महिनाभर, रक्तदानही करता येत नाही.

योग्य रुग्णासाठी मात्र हे औषध मोलाचे आहे. अमेरिकेत 1982 मध्ये मान्यता मिळाल्यापासून व्रण पाडणाऱ्या तीव्र मुरुमांवर त्याच्या तोडीचे दुसरे औषध आलेले नाही. ते वजनाच्या प्रमाणात, सामान्यतः दर किलोस 0.5 ते 1 मिलिग्रॅम रोज, जेवणाबरोबर देतात आणि यकृताच्या व रक्तातील चरबीच्या तपासण्या करतात. डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाच्या गटातील औषधे त्यासोबत घेतल्यास मेंदूभोवतीचा दाब वाढू शकतो, म्हणून ती एकत्र देत नाहीत. वहिनींच्या डब्यातल्या कॅप्सूलबरोबर यातले काहीच तुमच्याकडे येत नाही.

तुमच्या पत्रातील खरा धागा वेगळा आहे. जबड्याच्या कडेचे मुरूम, लांबणारी पाळी आणि हनुवटीवरचे केस ही तिन्ही एकत्र असली की पीसीओएसची, म्हणजे संप्रेरकांच्या असंतुलनाने होणाऱ्या बीजकोशांच्या विकाराची, तपासणी करावी लागते, आणि त्याचा तुमच्या अपत्याच्या विचाराशीही थेट संबंध आहे. म्हणून आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. त्या सोनोग्राफी आणि संप्रेरकांच्या व साखरेच्या तपासण्या सांगतील. अशा मुरुमांवर एरवी दिल्या जाणाऱ्या संतती-प्रतिबंधक गोळ्या आणि अँड्रोजेनचा परिणाम रोखणारे स्पायरोनोलॅक्टोन तुम्हाला सध्या चालणार नाहीत. अ‍ॅझेलाइक आम्लाचे मलम गर्भारपणातही वापरता येते, त्याविषयी विचारा.

प्रश्न : मी बी.एस्सी. नर्सिंगच्या अंतिम वर्षाला आहे. मला मुरुमांच्या रुग्णाचा केअर प्लॅन, म्हणजे शुश्रूषेचा आराखडा, लिहायला सांगितले आहे. पण असा रुग्ण वॉर्डात दाखलच होत नाही, तर शुश्रूषा कसली करायची?
— एक विद्यार्थिनी, इंदूर

उत्तर : शुश्रूषा खाटेपाशीच होते असे मानल्यामुळे हा प्रश्न पडला आहे. या आजारात औषध लिहायला दोन मिनिटे लागतात आणि ते तीन महिने नीट लावले जाईल याची व्यवस्था करावी लागते. ती व्यवस्था परिचारिकेची.

सुरुवात निरीक्षणाने करा. दाणे मिटलेले की उघडे, लाल फोड, पूभरले फोड, खोल गाठी, व्रण, हे सर्व चेहऱ्याबरोबर छातीवर आणि पाठीवरही पाहा आणि नोंदवा. दाणे सारखे, खाजरे आणि कपाळ-छाती-पाठीवर असतील तर तो बुरशीमुळे आलेला पुरळ असू शकतो. तेथे प्रतिजैविकाने उलट वाढ होते, म्हणून ते डॉक्टरांच्या नजरेस आणा. नंतर विचारा : आतापर्यंत काय काय लावले, पाळी कशी आहे, व्यायामशाळेत व्हे प्रोटीन (दुधापासूनची प्रथिन-पूड) किंवा शरीर कमावण्याची इंजेक्शने घेतो का, हेल्मेटचा पट्टा कोठे घासतो, आणि क्षयरोगाचे आयसोनियाझिड, फिट्सचे फेनिटॉइन, लिथियम किंवा स्टिरॉइड चालू आहे का, कारण यांनीही मुरुमांसारखे पुरळ उठतात.

आई-वडिलांना थोडा वेळ बाहेर बसवून मुलाशी एकट्याने बोला. शाळा-कॉलेज टाळतो का, फोटो काढू देत नाही का, झोप लागते का, आणि जगणे नकोसे वाटते का हेही स्पष्ट शब्दांत विचारा; विचारल्याने तो विचार कोणाच्या मनात पेरला जात नाही. मुरुमांची तीव्रता आणि मनाचा त्रास यांचे प्रमाण सारखे असतेच असे नाही, चार मुरुमांची मुलगीही घराबाहेर पडणे सोडते.

शुश्रूषा-निदानात त्वचेची अखंडता बिघडणे, शरीरप्रतिमेविषयीचा त्रास, संसर्गाची जोखीम आणि माहितीचा अभाव ही नावे तुम्ही लिहालच. उद्दिष्ट मात्र ‘रुग्णाला ज्ञान मिळेल’ असे मोघम लिहू नका. ‘रुग्ण वाटाण्याएवढे जेल काढून, चेहऱ्यावर लावून दाखवील’ असे लिहा आणि खरोखर करून घ्या. डॉक्सिसायक्लिन असेल तर ग्लासभर पाण्याबरोबर, बसून, झोपण्याच्या बऱ्याच आधी घ्यायला सांगा, नाहीतर अन्ननलिकेला इजा होते. दूध आणि लोहाच्या गोळ्या त्याच वेळी नकोत, उन्हापासून जपायचे, आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपलीकडे, बहुधा तीन महिन्यांपलीकडे, स्वतःहून चालू ठेवायचे नाही. संमती घेऊन त्याच जागी, त्याच उजेडात दर भेटीत छायाचित्र काढा. आठव्या आठवड्यात ‘काहीच फरक नाही’ म्हणणाऱ्या रुग्णाला त्याचाच पहिला फोटो दाखवण्याइतका परिणाम कोणत्याही उपदेशाचा होत नाही.

आणि वॉर्डात येणारा रुग्णही कधीतरी असतो. किशोरवयीन मुलाला अचानक ताप, सांधेदुखी आणि छाती-पाठीवर फुटून खपल्या धरणारे मुरूम आले तर तो अ‍ॅक्ने फुलमिनान्स हा दुर्मिळ प्रकार असू शकतो. तेथे तोंडाने स्टिरॉइड द्यावे लागते आणि आयसोट्रेटिनॉइन नंतर, कमी मात्रेने सुरू होते. अशा वेळी कोमट ओल्या घड्यांनी खपल्या मऊ करणे, न चिकटणारे ड्रेसिंग, वेदना आणि तापाच्या नोंदी, आणि पाठीवर झोपता येत नसलेल्या मुलाला आरामशीर स्थिती शोधून देणे ही सर्व तुमचीच कामे आहेत.

प्रश्न : मुरूम गेले, काळे डाग राहिले. लिंबू, टूथपेस्ट आणि दुधात उगाळलेले जायफळ लावून झाले. खड्डेही आहेत.
— एक वाचक, राजेंद्र नगर, इंदूर

उत्तर : आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेत दाह ओसरल्यावर रंगद्रव्य मागे राहते. हे सपाट डाग व्रण नसतात आणि काही महिन्यांत फिके पडतात, मात्र ऊन लागू न देणे आणि नवे मुरूम न फोडणे या दोन्ही गोष्टी पाळाव्या लागतात. लिंबाचा रस तीव्र आम्ल आहे आणि तो लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजून आणखी काळी पडू शकते. टूथपेस्टने आणि जायफळाने चुरचुर होते, आणि जी चुरचुर आपण गुण समजतो तीच पुढचा डाग पाडते. खड्डे मात्र कोणत्याही मलमाने भरत नाहीत. मुरूम पूर्ण आटोक्यात आल्यावर मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी त्वचा टोचणे), लेसर किंवा व्रण खालून सोडवणे असे उपचार त्वचारोगतज्ज्ञ करतात.

प्रश्न : मुरुमांचे औषध चालू असताना रंगपंचमीला राजवाड्यावर गेर (रंगांची मिरवणूक) पाहायला जाता येईल का?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : अवश्य जा. आदल्या रात्री अ‍ॅडॅपलीन किंवा ट्रेटिनॉइन लावू नका, निघण्यापूर्वी मॉइश्चरायझर आणि त्यावर सनस्क्रीन लावा. खोबरेल चोपडू नका. घरी आल्यावर भरपूर पाणी आणि सौम्य क्लीन्सर एवढेच वापरा. उरलेला रंग बेसनाने, दगडाने किंवा रॉकेलने काढण्याचा हट्ट धरू नका, तो तीन-चार दिवसांत आपसूक जातो. चुरचुर पूर्ण थांबल्यावर औषध पुन्हा सुरू करा.

प्रश्न : महिन्याच्या नातवाच्या गालांवर मुरूम आले आहेत. डाळीचे पीठ आणि साय लावू का?
— एक आजी, टिळक नगर, इंदूर

उत्तर : काही लावू नका, आजी. पहिल्या काही आठवड्यांत अनेक बाळांच्या चेहऱ्यावर असे बारीक लाल किंवा पूभरले दाणे येतात आणि बहुधा तीन-चार महिन्यांच्या आत स्वतःहून जातात. त्यासाठी सूनबाईंच्या जेवणातले काही बंद करण्याची गरज नाही. बाळाचा चेहरा कोमट पाण्याने पुसावा, गालांना तेल चोळू नये आणि दाणे दाबू नयेत. पाण्याने भरलेले फोड दिसले, बाळाला ताप आला, ते अंगावर पिईनासे झाले किंवा मलूल वाटले, तर त्याच दिवशी, रात्र झाली असली तरी, बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे.